व्याकरण नाही, शब्दकोश नाही… मग एक इंग्रज पाद्री मराठीत ११ हजार ओव्या लिहिण्याइतके शिकले कसे?

सोलापूर जिल्ह्यातलं जेऊर घ्या, नाहीतर महाराष्ट्रातलं दुसरं कुठलंही गाव. सप्ताह बसला की मांडवात ज्ञानेश्वरीचं पारायण सुरू होतं. त्यातले कितीतरी शब्द आज कुणी बोलत नाही. तरीही तीन चरणांचं यमक जुळून शेवटचा आखूड चरण आला की ऐकणाऱ्याची मान आपोआप डोलते.

मराठी माणसाच्या कानाला ओवीची सवय आहे, ही गोष्ट चारशे वर्षांपूर्वी एका इंग्रज माणसाने बरोबर हेरली होती. त्यांचं नाव थॉमस स्टीफन्स. मराठी साहित्याच्या इतिहासात ते फादर स्टीफन्स म्हणून ओळखले जातात.

आधी काळ लक्षात घेऊ. स्टीफन्स गोव्यात उतरले २४ ऑक्टोबर १५७९ रोजी. तेव्हा दिल्ली-आग्र्याकडे अकबराचं राज्य होतं. पैठणला संत एकनाथ हयात होते. ईस्ट इंडिया कंपनी स्थापन व्हायला अजून २१ वर्षं होती. भारतात येऊन स्थायिक झालेले पहिले ज्ञात इंग्रज म्हणून त्यांचंच नाव घेतलं जातं.

पण इंग्लंडचा माणूस पोर्तुगीजांच्या गोव्यात कसा?

स्टीफन्स मूळचे विल्टशायर परगण्यातले आणि धर्माने कॅथलिक. राणी एलिझाबेथच्या काळात इंग्लंडमध्ये कॅथलिकांना जगणं अवघड झालं होतं. त्यांचे मित्र थॉमस पाउंड तुरुंगात गेले. स्टीफन्स मात्र निसटले, रोमला पोहोचले आणि १५७५ मध्ये जेझुइट संघात दाखल झाले. तिथे शिक्षण घेऊन ४ एप्रिल १५७९ ला ते लिस्बनहून जहाजात बसले. प्रवासाला साडेसहा महिने लागले. हिरड्या सुजून माणसं मरतात त्या स्कर्व्हीचं वर्णन त्यांनी गोव्यातून वडिलांना पाठवलेल्या पत्रात केलं आहे. ते पत्र पुढे इंग्लंडमध्ये छापलं गेलं.

तेव्हा त्यांचं वय होतं साधारण तीस. लॅटिन येत होती, पोर्तुगीज जमत होती. पण त्यांना काम मिळालं दक्षिण गोव्यातल्या साष्टीत, म्हणजे मडगावच्या परिसरात. तिथल्या गावकऱ्यांना या दोन्ही भाषांचा काही उपयोग नव्हता.

आणि तिथे एक नाही, दोन भाषा शिकायच्या होत्या. बाजारात, शेतात, घरात कोकणी. पण देवाधर्माचं काही ऐकायचं, पोथी वाचायची, तर मराठी. (बोलायची भाषा वेगळी आणि पोथीची वेगळी, हे आपल्याकडे नवीन नाही. पण बाहेरून आलेला माणूस बहुतेक वेळा एक शिकून थांबतो.)

पहिली अडचण कानाची. ‘वात’ आणि ‘वाट’, ‘मन’ आणि ‘मण’, ‘काल’ आणि ‘काळ’. आपल्याला यात गोंधळ वाटत नाही, पण युरोपीय माणसाला दोन्ही उच्चार एकच ऐकू येतात. रोमन लिपीत त्यांच्यासाठी अक्षरंही वेगळी नाहीत. यावर स्टीफन्स यांनी काढलेला तोडगा साधा होता: जीभ मागे वळवून उच्चारायचा वर्ण असेल तर रोमन अक्षर दोनदा लिहायचं. म्हणजे ‘ट’साठी दोन ‘टी’, ‘ळ’साठी दोन ‘एल’. गोव्यात आजही जे लोक रोमन लिपीत कोकणी लिहितात, ते अशीच जोडअक्षरं वापरतात.

दुसरी गोष्ट त्यांच्या चार वर्षांत लक्षात आली. १५८३ मध्ये पॅरिसमधल्या भावाला, रिचर्डला, लिहिलेल्या पत्रात ते म्हणतात की इथल्या भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे. शाळेत आपण शिकतो की संस्कृत आणि युरोपीय भाषांचं नातं विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये सांगितलं. जोन्स यांनी ते नीट मांडलं हे खरंच. पण साष्टीत भाषा शिकणाऱ्या या पाद्र्याला ते साम्य दोनशे वर्षं आधी जाणवलं होतं.

मात्र ही गोड गोष्ट नाही. स्टीफन्स येण्याच्या आधीच साष्टीतली देवळं पोर्तुगीजांनी पाडली होती. त्याच १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार मारलं आणि सत्तेने त्याचा बदला गावच्या पुढाऱ्यांना मारून घेतला. लोकांच्या पोथ्याही जप्त होत होत्या. त्या काळच्या जेझुइटांना मराठी धर्मग्रंथांची ओळख झाली त्यात अशा जप्त केलेल्या हस्तलिखितांचा हात होता. भाषा शिकायची ती धर्मप्रसारासाठी, हा हेतू स्टीफन्स यांनीही कधी लपवला नाही.

पोथ्या गेल्या, पण ओवीची सवय राहिली. स्टीफन्स यांच्या ग्रंथात एक प्रसंग आहे. चर्चमध्ये धर्मशिक्षण चालू असताना एक नवख्रिस्ती माणूस विचारतो: आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी वाचायला दुसरं पुराण का देत नाही?

त्याला उत्तर म्हणून आलं ‘ख्रिस्तपुराण’. १६१६ मध्ये ते रायतूरच्या छापखान्यात छापलं गेलं. बायबलची कथा, दोन भाग, जवळपास ११ हजार ओव्या. स्वर्गासाठी शब्द कोणता? तर ‘वैकुंठ’. जुन्या कवींचे अवघड शब्द टाळून त्यांनी त्यात सोपे कोकणी शब्द मिसळले आणि तसं प्रस्तावनेत सांगूनही ठेवलं. भाषा शिकून त्यांना तोवर ३५ वर्षं झाली होती, हे विसरायला नको. सहा महिन्यांत कोणतीही भाषा शिकवणाऱ्या जाहिराती पाहताना मला हा आकडा हमखास आठवतो.

एक इच्छा मात्र अपुरी राहिली. हे पुस्तक रोमन लिपीत छापलं गेलं. स्टीफन्स यांना इथल्याच लिपीत छापायचं होतं. १६०८ मध्ये रोमला लिहिलेल्या पत्रात त्यांनी अडचण सांगितली: युरोपात २४ साच्यांवर काम भागतं, इथे सुमारे ६०० लागतील. का? तर ‘क’चा साचा केला की झालं असं नाही. का, कि, की, कु, कू, शिवाय क्ष, क्त, क्र अशी प्रत्येक जोडणी वेगळी ओतायची. आज मोबाइलवर बाराखडी टाईप करताना हे सगळं आपल्यासाठी फॉन्ट करतो.

१६१९ मध्ये स्टीफन्स वारले. त्यांनी लिहिलेलं कोकणीचं व्याकरण १६४० मध्ये रायतूरलाच छापलं गेलं. भारतीय भाषेचं हे पहिलं छापील व्याकरण मानलं जातं. म्हणजे पुढच्या नवख्या पाद्र्याच्या हातात निदान एक पुस्तक होतं. पण १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढलं की लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी आणि स्वतःची भाषा बोलणं सोडावं. पाद्र्यांनी लोकांची भाषा शिकायची, ही दिशाच उलटी झाली.

ख्रिस्तपुराणाच्या तीन आवृत्त्या निघाल्या: १६१६, १६४९ आणि १६५४. आज त्यातली एकही छापील प्रत उपलब्ध नाही. पुस्तक वाचलं ते हातांनी उतरवलेल्या प्रतींमुळे. गोव्यातून दक्षिणेला गेलेल्या मंगळूरच्या ख्रिस्ती कुटुंबांनी ती जपली, वाचली, गायली. त्यांवरूनच १९०७ मध्ये मंगळूरला ते रोमन लिपीत पुन्हा छापलं गेलं. पुढे लंडनमध्ये देवनागरीतलं एक हस्तलिखित जस्टिन ॲबट यांना सापडलं. हे ॲबट म्हणजे संतांची चरित्रं इंग्रजीत नेणारे, अमेरिकन मराठी मिशनमधले पाद्री.

आणि स्टीफन्स यांना हवी होती तशी देवनागरी छापील प्रत पुण्यात निघाली, शांताराम बंडेलू यांच्या संपादनाखाली. साल होतं १९५६.