मूठभर म्हणजे किती?



"मूठभर पीठ, तेवढेच पाणी, आणि मीठ अंदाजाने." मोदकाच्या उकडीचा पहिला धडा आईने मला असा दिला, तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांचा होतो. वीस वर्षे मुलांना शिकवले, पण चुलीपुढे माझी पाटी कोरी. गणेशचतुर्थीला पानावर बसून मोदक मोजणे एवढेच माझे काम. आईची बोटे आखडू लागली, पारी वळवेना, म्हणून हे शिकणे माझ्याकडे आले.

पहिल्या खेपेचे निम्मे मोदक वाफेत फुटले. का, ते आईला सांगता येईना. "हाताला कळेल हळूहळू," एवढेच ती म्हणे. चांगला जाणकार चांगला शिक्षक असतोच असे नाही, हे प्रशिक्षणात आम्हांला शिकवले होते. पण आईला ते कसे सांगावे?

मग मी संध्याकाळच्या पाकवर्गात नाव घातले. पांढऱ्या टोपीचा शेफ, फ्रेंचमधली कृती, टेबलावर तराजू. पहिले काही दिवस विस्तव पेटलाच नाही. कांदा-गाजर एकसारखे चौकोनी कापायचे, सारे साहित्य मोजून वाट्यांत मांडायचे, मगच आग. याला ते 'मीज आं प्लास' म्हणतात. शेजारची पोरे माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाची. माझा कांदा वाकडा झाला की हसत. हसू द्या, मीही वर्गात कधी कधी हसलो आहे.

एके दिवशी गातो पिमां आले. भिजवलेली डाळ नीट निथळली नाही तर वडा तेलात विस्कटतो, असे शेफने सांगितले आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. माझे सारणही ओलेच राहत होते! नारळ-गूळ मी घाईने उतरवत होतो.

त्याच रात्री तराजू घरी नेला. आईला म्हटले, मूठ भरून पीठ घाल. दहा मुठी तोलल्या. सगळ्या ३८ ते ४१ ग्रॅमच्या आत! आई म्हणाली, "मग तराजू कशाला आणलास?"

तरी मी वही केली. पाच मुठी, म्हणजे २०० ग्रॅम तांदळाचे पीठ. ज्या वाटीने पीठ, त्याच वाटीने तेवढेच पाणी. त्यात मीठ आणि चमचाभर तूप, उकळी आली की पीठ, मग झाकण. गरम असतानाच ओल्या हाताने मळायचे. दोन वाट्या खोबऱ्याला एक वाटी गूळ, ओल सुटेपर्यंत नव्हे तर आटेपर्यंत. वाफ १० ते १२ मिनिटे. तांदूळ जुना असेल तर पीठ पाणी जास्त पिते. हे तराजू सांगत नाही, ते आईनेच सांगितले.

वहीत आणखी एक गोष्ट आपोआप शिरली. घरात आपण क्रिओल बोलतो. उकड, पारी, सारण, चाळण हे शब्द आमच्या घरी फक्त चुलीपाशी उरले होते, आणि चुलीपाशी आई एकटीच. आता धाकटी मुलगी वही वाचून "पारी म्हणजे काय?" असे विचारते, आणि आई आखडलेल्या बोटांनी तिला वाटीचा आकार करून दाखवते.

या चतुर्थीला तीन मोदक फुटले. आईने त्यातलाच एक उचलला, खाल्ला, आणि उकडीत मीठ कमी आहे म्हणाली.