चिंध्या जाळू नका, कागद करा!

घरातले जुने धोतर फाटले की त्याचे काय होते? आधी गोधडी, मग पोतेरे आणि शेवटी उकिरडा नाही तर चूल. गोधडीपर्यंतचा हिशेब आपल्या आयाबायांना तोंडपाठ आहे. पण गोधडीलाही न चालणाऱ्या चिंधीचा चांगला कागद होतो, हे आपल्याच जिल्ह्यातले एक गाव पिढ्यान्‌पिढ्या जाणून आहे.

ते गाव म्हणजे कागजीपुरा. दौलताबादहून खुलताबाद, वेरूळकडे जाताना लागते. महंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तेव्हा आलेल्या कारागिरांनी इथे कागद सुरू केला, असे सांगतात. गावाला नावच धंद्यावरून पडले. पुढे गिरणीचा स्वस्त कागद आला आणि धंदा आटला. आज मोजकेच हात हे काम करतात.

रीत साधी आहे. चिंध्या, रद्दी भिजवून, कुटून लगदा करायचा. तो हौदात पाण्यात कालवायचा. जाळीची चौकट त्यात बुडवून आडवी उचलायची. पाणी गळून जाते, तंतू एकमेकांत गुंततात आणि ताव तयार होतो. मग दाबून पाणी काढायचे, वाळवायचे आणि गुळगुळीत दगडाने घोटायचे. यासाठी एकही झाड तोडावे लागत नाही. शिवाय कापसाचा तंतू लांब आणि चिवट, म्हणून चिंधीचा कागद वर्षानुवर्षे टिकतो. आजही हातकागदवाले बनियनच्या कारखान्यातले सुती कातरण वापरतात.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. नायलॉन, टेरिकॉटचा लगदा होत नाही. पारख सोपी आहे. कपड्याचा एक धागा पेटवून बघा. सुती धागा कागदासारखा जळून मऊ राख होते. टेरिकॉटचा वितळून कडक मणी बनतो. सुती चिंध्यांचे गाठोडे वेगळे ठेवा आणि भंगारवाल्याला देण्याआधी हातकागदवाल्यांकडे चौकशी करा.

चिंध्या कुटायला यंत्र लागते, त्या घरच्या मिक्सरमध्ये घालू नका, पाते अडकेल. पण रद्दीचा कागद शाळेतली पोरंसुद्धा करू शकतात. जुन्या वह्यांच्या पिना काढा, पानांचे बारीक तुकडे करून रात्रभर भिजवा. सकाळी भरपूर पाणी घालून मिक्सरमध्ये वाटा. लाकडी चौकटीवर मच्छरदाणीचा तुकडा ताणून ठोका, की झाली चाळणी. उचललेला ताव सुती फडक्यावर पालथा घाला, वर दुसरे फडके टाकून दगडाने दाबा आणि सावलीत वाळवा. शाई फुटू नये म्हणून तांदळाच्या पातळ पेजेचा हात द्या.

खरी गंमत पुढे आहे. लगद्यात झेंडूच्या पाकळ्या, गवताची पाती, कांद्याची साल टाकली की प्रत्येक ताव वेगळा निघतो. त्याची भेटकार्डे, पाकिटे, वहीची पुठ्ठी, दिव्याच्या झडपा होतात. बचत गटाच्या भगिनींनी आधी दहा-वीस नग करून गावच्या बाजारात मांडावेत. गिऱ्हाईक काय उचलते ते बघून मगच हात वाढवावा.

सरपंच, ग्रामसेवक आणि गुरुजींनाही एक विनंती आहे. गावात सन्मानपत्रे, निमंत्रणे लागतातच. त्यातली थोडी हातकागदावर छापून घ्या, आणि कागद आपल्याच जिल्ह्यातल्या कारागिराकडून घ्या. पोरांना एकदा कागजीपुऱ्याला न्या, काम डोळ्यांनी दाखवा. कला मागणीवर जगते. कागजीपुऱ्यात उरलेल्या मोजक्या हातांना काम मिळाले, तरच ती पुढच्या पिढीला शिकवायला कोणी उरेल. आणि त्याचा कच्चा माल तर बंधूंनो, तुमच्या आमच्या उकिरड्यावरच पडून आहे.