फिश टँक म्हणजे रांजण नव्हे

उमरगा तालुक्यातल्या मुरुमसारख्या गावात नळाला पाणी आलं की भरून ठेवायची सवय घरोघरी असते. त्यावर आरोग्य खातं आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतं: रांजण, बॅरल, हौद रिकामे करा, घासा, वाळवा, मग भरा. डेंग्यूच्या डासासाठी ते अगदी बरोबर. घोटाळा होतो तो हाच नियम फिश टँकला लावल्यावर. मासे बादलीत, टँक मोरीत, खडी साबणाने स्वच्छ, पाणी सगळं नवं. काही दिवसांतच मासे उलटे तरंगू लागतात आणि दुकानदाराच्या नावाने खडे फोडले जातात.

सगळं पाणी बदललं की टँक स्वच्छ, हा सर्वांत महाग पडणारा गैरसमज. माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून, उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो विषारी. फिल्टरच्या स्पंजवर आणि तळाच्या खडीवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. पाण्यात हे जिवाणू फारसे नसतातच. त्यामुळे स्पंज नळाखाली खळखळून धुतला आणि खडीला साबण लावला की खरी सफाई करणारेच वाहून गेले. ते पुन्हा पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडेही लागतात. स्पंज धुवायचाच तर टँकमधून काढलेल्या पाण्यात पिळावा.

याच्या उलट टोकाची मंडळीही आहेत. “फिल्टर आहे ना? आटेल तेवढं ओततो की!” पण आटतं ते नुसतं पाणी. क्षार मागे राहतात, नायट्रेटही राहतं. बेसाल्टच्या खडकातलं बोअरचं पाणी मुळात जड, त्यात दर ओतण्याला भर. काचेवर पाण्याच्या कडेला पांढरा पट्टा धरतो तो याच क्षारांचा. साध्या टँकचं आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदललं की पुरे.

“माणसांनाच पाणी नाही, माशांना कुठलं?” हा प्रश्न आपल्याकडे हसण्यावारी नेता येत नाही. 2016 साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. तरीही हिशेब करून पाहा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँकमध्ये काठोकाठ सुमारे 57 लिटर पाणी मावतं. त्याचा चौथा हिस्सा 14 लिटर, म्हणजे एक बादली. काढलेलं पाणी तुळशीला, कढीपत्त्याला घाला. त्यातलं नायट्रेट झाडाला खतच आहे. फक्त टँकमध्ये मीठ किंवा औषध टाकलेलं नसावं.

आपण पितो ते पाणी माशालाही चालतं, हेही खरं नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं, असं भारतीय मानक सांगतं. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकल्यावर क्लोरीन तपासणाऱ्या ओटी टेस्टमध्ये पिवळा रंग पाहतात तो त्यासाठीच. एवढं क्लोरीन आपल्याला जपतं, माशांचे कल्ले मात्र भाजतं. पाणी रुंद तोंडाच्या बादलीत दिवसभर उघडं ठेवलं, मधूनमधून ढवळलं की क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर दुकानात अँटीक्लोरीन मिळतं. बोअरच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून तेही ढवळून थोडा वेळ ठेवावं. आणि मे महिन्यातल्या दुपारी गच्चीवरच्या टाकीचं कढत पाणी थेट टँकमध्ये? मुळीच नको.

राहता राहिलं आरओ. शुद्ध म्हणून नुसतं आरओचं पाणी भरलं तर त्यात क्षार जवळजवळ नसल्याने सामू अचानक घसरू शकतो. निऑन टेट्राला मऊ पाणी लागतं, तिथे आरओ मिसळून वापरता येतं. गप्पी आणि मोलीला जड पाणीच मानवतं. तेव्हा माशांसाठी जार विकत आणण्यापेक्षा आपल्या बोअरचं पाणी ज्यांना सोसेल असेच मासे घ्या.