रक्ताचा आजार असलेल्या मुलांचे डोळेही तपासा! थॅलेसेमिया आणि सिकलसेलच्या पालकांनी काय लक्षात ठेवावे

घरात थॅलेसेमियाचं किंवा सिकलसेलचं मूल असलं की आई-वडिलांचं सगळं लक्ष रक्तावर असतं. हिमोग्लोबिन किती आलं, पुढची बाटली कधी चढवायची, रक्तदाता मिळेल का, तिल्ली वाढली का. या धावपळीत डोळ्यांची तपासणी राहून जाते. मूल तक्रार करत नाही, पुस्तक वाचतं, मोबाइल बघतं, म्हणजे नजर चांगली आहे असं आपण समजतो. पण या दोन्ही आजारांत डोळ्यांना होणारं नुकसान बऱ्याचदा गुपचूप होतं. लवकर कळलं तर ते रोखता येतं, उशीर झाला तर गेलेली नजर परत येईलच असं नाही. म्हणून आज या विषयावर आपण सविस्तर बोलणार आहोत.

डोळे पिवळे दिसले तर

सर्वात आधी ही गोष्ट, कारण इथेच जास्त गैरसमज होतो. थॅलेसेमिया आणि सिकलसेल या दोन्ही आजारांत लाल पेशी वेळेआधी फुटतात. त्यातून पिवळा रंग तयार होतो आणि तो डोळ्यांच्या पांढऱ्या भागात दिसू लागतो. घरचे म्हणतात, "कावीळ झाली." मग कोणी झाडपाल्याचं औषध देतं, कोणी कावीळ उतरवणाऱ्याकडे घेऊन जातं. पण ही कावीळ दूषित पाण्यातून आलेली नसते, ती रक्ताच्या आजारातूनच आलेली असते. माळ घालून किंवा हात धुवून ती उतरत नाही.

अशा मुलांच्या डोळ्यांत थोडा पिवळेपणा नेहमीच राहू शकतो. पण तो अचानक वाढला, सोबत ताप आला, लघवी गडद झाली किंवा मूल एकदम फिकं पडलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. जी-सिक्स-पीडीची कमतरता असलेल्या मुलांतही असंच होतं. मलेरियावर दिलं जाणारं प्रायमाक्वीन किंवा कपाटातली डांबरगोळी यांमुळे त्यांच्या लाल पेशी झपाट्याने फुटतात आणि डोळे पिवळे होतात. ज्या मुलाला ही कमतरता आहे, त्याच्या घरात डांबरगोळ्या ठेवूच नका आणि प्रत्येक डॉक्टरला हे आधी सांगा.

थॅलेसेमिया: लोह आणि लोहाची औषधं

थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाला साधारण दर २ ते ४ आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. प्रत्येक बाटलीसोबत शरीरात लोह जातं, आणि ते बाहेर टाकण्याची सोय शरीरात नाही. हे जादा लोह हृदय, यकृत आणि ग्रंथींमध्ये साचतं. ते काढण्यासाठी डेफेरॉक्सामीनचं इंजेक्शन किंवा डेफेरासिरॉक्स, डेफेरिप्रोन ही तोंडाने घ्यायची औषधं देतात. या औषधांनीच ही मुलं मोठी होतात, शिकतात, कमावती होतात. त्यामुळे ती बंद करण्याचा विचारही मनात आणू नका.

पण यातल्या काही औषधांचा डोळ्यांवर परिणाम होऊ शकतो. डेफेरॉक्सामीनने काही मुलांना अंधारात कमी दिसू लागतं, रंग ओळखताना गडबड होते, नजर धूसर होते. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर बदल होतात, कधी मोतीबिंदूही होतो. डोस जास्त असेल आणि शरीरातलं लोह त्या मानाने कमी असेल, तेव्हा हा धोका वाढतो. म्हणूनच डॉक्टर फेरिटिनची तपासणी पुन्हा पुन्हा करायला सांगतात. डेफेरासिरॉक्स घेणाऱ्यांतही डोळ्याच्या भिंगावर डाग आल्याची नोंद आहे.

म्हणून नियम साधा आहे. डेफेरॉक्सामीन किंवा डेफेरासिरॉक्स सुरू करण्याआधी एकदा आणि त्यानंतर दरवर्षी एकदा डोळ्यांची तपासणी. सोबत कानांचीही, कारण ऐकण्यावरही असाच परिणाम होऊ शकतो. त्रास लवकर लक्षात आला तर डॉक्टर डोस कमी करतात किंवा औषध बदलतात, आणि बऱ्याच मुलांची नजर सुधारते. हा निर्णय मात्र डॉक्टरांचा, आपला नाही. घाबरून घरच्या घरी औषध थांबवलं तर साचलेलं लोह हृदयाला धोका करतं.

सिकलसेल: पडद्यावरच्या बारीक नसा

सिकलसेलमध्ये लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हातपाय ठणकतात ते यामुळेच. डोळ्याच्या पडद्याच्या कडेला तर केसाहून बारीक नसा असतात. त्या बंद झाल्या की तिथे रक्त पोहोचत नाही. मग शरीर नव्या नसा तयार करतं, पण त्या कच्च्या असतात. त्या फुटल्या की डोळ्याच्या आत रक्तस्राव होतो, पुढे पडदा ओढला जाऊन सुटूही शकतो.

अवघड भाग हा की सुरुवातीला मुलाला काहीच जाणवत नाही. बिघाड कडेला असतो, मधली नजर शाबूत असते. फळ्यावरचं सगळं वाचता येतं, चष्म्याच्या दुकानातली तपासणीही बरोबर येते. त्यासाठी बाहुली मोठी करणारे थेंब टाकून आतला पडदाच बघावा लागतो. सिकलसेलच्या मुलांची ही तपासणी वयाच्या १० व्या वर्षापासून सुरू करावी आणि दर १ ते २ वर्षांनी करत राहावी. वेळेवर सापडलेल्या कच्च्या नसांवर लेझरने उपचार करता येतो.

आणखी एक गोष्ट. "आमच्या मुलाला दुखणं फार येत नाही, त्याचा सिकल सौम्य आहे," असं काही पालक म्हणतात. पण रक्ताचा त्रास कमी म्हणून डोळे सुरक्षित, असं गणित नाही. सिकलसोबत हिमोग्लोबिन सी असलेल्यांना एरवी त्रास कमी होतो, पण पडद्याचा बिघाड त्यांच्यातच जास्त दिसतो.

डोळ्याला मार लागला तर

क्रिकेटचा चेंडू, विटी, कोपर, काहीही लागू शकतं. डोळ्याच्या पुढच्या भागात रक्त साचलं तर वाकड्या पेशी पाणी वाहून जाण्याची वाट बंद करतात आणि डोळ्यातला दाब वाढतो. हा धोका फक्त सिकलसेलच्या रुग्णालाच नाही, तर एरवी निरोगी असणाऱ्या सिकल वाहकालाही असतो. म्हणून असा मार लागल्यावर उद्याची वाट बघू नका. नेत्रतज्ज्ञाला पहिलं वाक्य हेच सांगा, "याला सिकल आहे," किंवा "हा सिकल वाहक आहे." काही नेहमीची औषधं अशा मुलांत जपून द्यावी लागतात.

घरी काय बघावं

मगरीबनंतर अंधार पडला की मूल अडखळतं का, पायरी चुकतं का? रंग सांगताना गोंधळतं का? एक डोळा हाताने झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावा, मग दुसरा. एका डोळ्याची नजर कमी झाली तर दोन्ही उघडे असताना ती कळत नाही. डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगणं, पडदा आल्यासारखं वाटणं, अचानक दिसेनासं होणं, किंवा सिकलच्या मुलाच्या डोळ्याभोवती दुखरी सूज येणं, यांपैकी काहीही झालं तर लगेच दवाखान्यात जा.

सुरम्याबद्दलही बोललं पाहिजे. आपल्या घरांत सुरमा लावायची रीत जुनी आहे आणि प्रश्न त्या रीतीचा नाही, डबीत काय आहे त्याचा आहे. बाजारातल्या अनेक सुरम्यांमध्ये शिसं आढळलेलं आहे. शिसं मुलांच्या मेंदूला घातक आहेच, शिवाय ते हिमोग्लोबिन तयार होण्यातही अडथळा आणतं. ज्याचं रक्त आधीच कमी, त्याच्या डोळ्यात ते कशाला घालायचं? आजी-नानींना हे प्रेमाने समजावून सांगा.

तपासणी कुठे, कागद कोणते

जिल्हा रुग्णालयात आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नेत्रविभाग असतो. ज्या दिवशी रक्त चढवायला जाता, त्याच दिवशी डोळ्यांची वेळ मिळते का ते विचारा, वेगळी चक्कर आणि वेगळा रोज बुडणं वाचेल. थेंब टाकल्यावर काही तास धूसर दिसतं, म्हणून मुलासोबत मोठं माणूस हवंच. जाताना औषधांची नावं, डोस आणि शेवटचा फेरिटिन रिपोर्ट सोबत ठेवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलिया यांचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्राबद्दलही तिथेच चौकशी करा.

निकाहच्या आधी एक तपासणी

नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के असते. नात्यातल्या नात्यात निकाह होतात तिथे दोघे वाहक निघण्याची शक्यता वाढते. वाहक स्वतः ठणठणीत असतो, त्यामुळे तपासल्याशिवाय कळत नाही. इराणने १९९७ मध्ये आणि सौदी अरेबियाने २००४ मध्ये लग्नापूर्वीची तपासणी सक्तीची केली. सौदीत रिपोर्ट पाहून शेवटचा निर्णय जोडप्यावरच सोडला जातो. आपल्याकडे सक्ती नाही, पण एका रक्ततपासणीत हे कळू शकतं. मंगनीच्या बोलणीत दागिने आणि हॉलची चर्चा होते, तिथे हाही विषय निघायला हरकत नाही. आणि मुलगी वाहक निघाली म्हणून तिला दोष देणं थांबवा. आजारी मुलाला बिघडलेला जनुक आई आणि वडील दोघांकडूनही मिळतो.

ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांना एवढंच सांगणं: पुढच्या वेळी रक्ताची तारीख लिहाल, त्याच कागदावर डोळ्यांच्या तपासणीचीही तारीख लिहून ठेवा.