वीतभर अंतरावरचा समुद्र

शाहूवाडी तालुक्यातल्या मलकापुरावरून कोल्हापूर-रत्नागिरी रस्ता जातो. शनिवारी सकाळी देशावरच्या गाड्या इथूनच आंबा घाटाकडे आणि पुढे समुद्राकडे धावतात. पाणी मात्र इथं दोन्हीकडे फुटतं. मलकापूरची कडवी नदी वारणेला, वारणा कृष्णेला मिळते आणि ते पाणी बंगालच्या उपसागराला जातं. घाटापलीकडची काजळी नदी सह्याद्रीची तांबडी माती घेऊन रत्नागिरीजवळ भाट्याच्या खाडीत उतरते. कोकणातल्या सगळ्याच नद्या पावसाळाभर हे काम करतात, मालवणच्या आसपास गड आणि कर्लीही. त्यामुळे मालवणला स्कूबा डायव्हिंग करून परतलेल्या माणसाची एक तक्रार ठरलेली असते: पाणी गढूळ होतं, काही दिसलं नाही. मला या तक्रारीबद्दलच बोलायचं आहे. पाणी गढूळ होतं हे खरं. काही दिसलं नाही याचा दोष मात्र पाण्यापेक्षा आपण काय बघायला गेलो होतो याच्याकडे जातो. अंदमान-मालदीवच्या निळ्याशार चित्रफिती डोक्यात ठेवून कोकणच्या समुद्रात उतरणं म्हणजे हापूसच्या झाडाखाली सफरचंद शोधणं. आपल्या समुद्राचं वैभव बोटाच्या पेरापेक्षा लहान जिवांत आहे, आणि ते बघायला लांबवरचं दिसण्याची गरजच नाही.

यामागचं भौतिकशास्त्र सोपं आहे. पाण्यात तरंगणारे मातीचे आणि सूक्ष्म वनस्पतींचे कण प्रकाश विखरून टाकतात. कॅमेरा आणि वस्तू यांच्यात जितकं पाणी जास्त तितकं हे धुकं दाट. पाच मीटरवरचा मोठा मासा म्हणूनच राखाडी डाग होऊन बसतो. पण भिंग खडकापासून वीतभर अंतरावर आणलं, की मधे पाणीच उरत नाही. पाणी लाल रंग सर्वांत आधी शोषून घेतं, म्हणून दहा मीटर खोलीवर सगळं निळसर-हिरवट दिसतं. वीतभर अंतरावरून फ्लॅश मारला की दडलेले लाल, केशरी, जांभळे रंग जागे होतात. यालाच मॅक्रो छायाचित्रण म्हणतात. गाळाच्या, वाळूच्या, दिसायला अगदी भकास अशा तळावर या छोट्या जिवांसाठी बुडी मारायच्या प्रकाराला जगभर ‘मक डायव्हिंग’ हे नाव आहे. मक म्हणजे चिखल. हे नाव रूढ केलं ते पापुआ न्यू गिनीत डायव्हिंगच्या सहली काढणाऱ्या बॉब हालस्टेड यांनी. पुढे त्याची पंढरी ठरली इंडोनेशियाच्या उत्तर सुलावेसीतली लेंबेची सामुद्रधुनी. बितुंग या बंदराच्या समोरचं हे पाणी, तळाला ज्वालामुखीची काळी वाळू, माणसांनी टाकलेला कचरा भरपूर. तरी जगभरचे छायाचित्रकार तिथं जातात ते नखाएवढ्या कोळंब्या, दगडासारखे बसून राहणारे फ्रॉगफिश आणि रंगीत समुद्री गोगलगायी बघायला.

ही चार वेड्यांची हौस असती तर त्यावर लेख लिहायचं कारण नव्हतं. पण संशोधक मार्टेन द ब्रॉवर आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये इंडोनेशिया व फिलिपाइन्समधल्या मक डायव्हिंगचा हिशेब मांडला, तेव्हा दरवर्षी एक लाखावर डायव्हर आणि पंधरा कोटी डॉलरच्या आसपास उलाढाल असं चित्र पुढे आलं. यातलं खरं भांडवल आहे वाटाड्याची नजर. पर्यटकाला जिथं नुसतं गवत दिसतं, तिथं ‘हा बघ’ म्हणून दोन सेंटिमीटरचा समुद्रघोडा दाखवणारा माणूस. बुटक्या समुद्रघोड्यांची कथा या बाबतीत बोलकी आहे. त्यांच्यातला पहिला, हिप्पोकॅम्पस बार्गिबांती, १९६९ मध्ये न्यू कॅलेडोनियात सापडला तोही योगायोगानं: मत्स्यालयासाठी आणलेला समुद्रपंखा, म्हणजे फांद्याफांद्यांचा प्रवाळ, टेबलावर तपासताना जॉर्ज बार्गिबां यांना तो त्या फांद्यांना बिलगलेला दिसला. रंग आणि खडबडीतपणा इतका हुबेहूब, की पाण्यात तो कुणाच्या लक्षातच आला नव्हता. त्यानंतरच्या अशा बऱ्याच जाती डायव्हरांच्या नजरेनं पकडल्या. २००८ मध्ये वर्णन झालेल्या हिप्पोकॅम्पस पोंतोहीला तर हेन्से पोंतोह या इंडोनेशियन वाटाड्याचं नाव मिळालं. नक्कल करणारा ऑक्टोपसही सुलावेसीच्या गढूळ, गाळाच्या तळावरच १९९८ मध्ये सापडला. आणि करवंटीचे दोन तुकडे पोटाशी धरून, लांब पाय टाकत चालणारा, संकट दिसताच त्यांच्यात शिरून झाकण लावणारा ऑक्टोपस? त्याच्यावरचा शोधनिबंध २००९ चा. ती जात भारताच्या किनाऱ्यावरही आढळते. करवंट्यांची तर कोकणात कधीच वाण नव्हती.

आता आपल्याकडे काय आहे ते बघू. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांना वेढणारं २९.१२ चौरस किलोमीटरचं मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं. त्यातला गाभा ३.१८ चौरस किलोमीटरचा. इथं प्रवाळ आहेत याची नोंद राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच केली होती. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची डायव्हिंग शिकवणारी संस्था आहे. एवढं असून किनाऱ्यावर विकली जाते ती प्रामुख्यानं दहा-पंधरा मिनिटांची बुडी: पोहता न येणाऱ्यालाही मागून धरून खाली नेणं, फोटो काढणं, वर आणणं. त्याचा परिणाम काय, हे २०२० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्याच शास्त्रज्ञांनी ‘मरीन पोल्यूशन बुलेटिन’मध्ये लिहिलं आहे. हौशी डायव्हिंगमुळे या संरक्षित पाण्यातच प्रवाळ मोडत आहेत. म्हणजे ज्या खडकावर तासभर थांबून बघावं असं आयुष्य आहे, त्याच खडकाला धरून आपण फोटोपुरतं उभे राहतो.

त्या खडकावर नेमकं असतं काय? उदाहरण म्हणून न्यूडिब्रँक, म्हणजे शिंपला टाकून दिलेली समुद्री गोगलगाय घ्या. कवच नाही, तर बचाव कसा? काही जाती विषारी स्पंज खातात आणि ते विष अंगात साठवतात. भडक रंग म्हणजे ‘मला खाऊ नका’ ही पाटी. काही जाती हायड्रॉइड नावाचे दंश करणारे जीव खातात, पण त्यांच्या डंखपेशी पचवत नाहीत. त्या जशाच्या तशा पाठीवरच्या बोटांसारख्या टोकांत नेऊन बसवतात आणि उसन्या शस्त्रावर निभावतात. पानासारख्या दिसणाऱ्या काही हिरव्या गोगलगायी शेवाळातली हरितलवकं अंगात जिवंत ठेवतात. प्रत्येक न्यूडिब्रँक एकाच वेळी नर आणि मादी असते. यातलं बरंचसं शास्त्राला अजून नवं आहे: पश्चिम किनाऱ्यावरून क्रॅटिना प्रजातीतल्या दोन नव्या जातींचं वर्णन २०२० मध्ये प्रसिद्ध झालं, त्यांतल्या एकीचं नाव गुजरातेतल्या पोशित्रावरून ठेवलं आहे.

हे छोटे जीव बघायला लोकांना खडकाजवळ न्यावं, या म्हणण्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप असा, की छायाचित्रकार हाच या जिवांचा मोठा शत्रू ठरेल. चांगल्या चौकटीसाठी समुद्रघोड्याला काडीनं वळवणारे, गोगलगायीला उचलून रंगीत स्पंजावर ठेवणारे लोक आहेत, हे नाकारता येत नाही. याची तपासणीही झाली आहे. २०१९ च्या ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मधल्या अभ्यासात समुद्रघोडे, फ्रॉगफिश अशा माशांवर फ्लॅशचा आणि हाताळणीचा परिणाम वेगवेगळा पाहिला. माणूस शेजारी असण्यानं जेवढा त्रास होतो, त्याहून फ्लॅशनं फारसा वाढला नाही, डोळ्यांनाही इजा दिसली नाही. जिवाला स्पर्श करणं, हलवणं याचा परिणाम मात्र सर्वांत तीव्र होता. तेव्हा ‘फ्लॅश बंद’ अशी पाटी लावून भागणार नाही. हात मागे ठेवणारा, पाण्यात स्वतःला तोलून धरता येणारा डायव्हरच खडकाजवळ सोडावा लागेल. समुद्रघोडे आणि प्रवाळ यांना २००१ पासून वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, पण पाण्याखाली कायदा राबवायला वाटाड्याशिवाय दुसरं कोण असतं?

दुसरा आक्षेप पोटाचा आहे. दहा मिनिटांच्या बुडीवर अनेक घरं चालतात. हळू, थोड्या लोकांना, तासभर दाखवायचं तर गल्ला कसा भरेल? मुळात अभयारण्याच्या नावानंच मच्छीमार धास्तावलेले, त्यात आणखी एक नवं खूळ नको, हेही समजण्यासारखं आहे. पहिल्यांदा बुडणाऱ्यांचा धंदा बंद व्हावा असं माझं म्हणणं नाही. तो वाळूच्या तळावर चालू द्यावा, खडप सोडून. पण नुसतं धरून नेणारा माणूस आणि जीव शोधून दाखवणारा माणूस यांना एकच दर मिळत असेल तर नजर कमावण्याचे कष्ट कोण घेईल? मोठ्या गोष्टी जास्त लोक खेचतात, हे म्हणणंही अर्धंच खरं आहे. निवृत्त ‘आयएनएस गुलदार’ ही नौका सिंधुदुर्गच्या समुद्रात बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करण्याची योजना आहे. पण बुडालेल्या जहाजाचं पोलाद पहिल्या बुडीत बघून होतं. दुसऱ्यांदा तिथं जायचं ते त्या पोलादावर रुजलेले हायड्रॉइड, स्पंज आणि त्यांना चरणाऱ्या गोगलगायी बघायला. शिवाय छोट्या जिवांवर पर्यटन उभं राहू शकतं हे घाटमाथ्यावर आपण पाहिलेलंच आहे. आंबोलीला लोक एकेकाळी धबधब्यासाठीच येत. आता पावसात रात्री विजेऱ्या घेऊन बेडूक शोधणारे छायाचित्रकार येतात, आणि तिथल्या हिरण्यकेशीच्या कुंडात २०२० मध्ये वर्णन झालेल्या चिमुकल्या माशासाठी ती जागा २०२१ मध्ये जैवविविधता वारसास्थळ झाली.

उरतो खर्चाचा प्रश्न. डायव्हिंगचा परवाना, पाण्यात चालणारा कॅमेरा हे सगळ्यांना परवडणारं नाही, हे उघड आहे. पण यातले बरेच जीव बघायला बुडावं लागतच नाही. उधाणाच्या ओहोटीला समुद्र इतका मागे हटतो, की एरवी पाण्याखाली असणारं खडप तास-दोन तास उघडं पडतं. कालवं काढणाऱ्या बायकांना त्या डबक्यांची माहिती पुस्तकांच्या आधीपासून आहे. प्रदीप पाताडे आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’नं हाजीअली, जुहूसारख्या ठिकाणी अशाच ओहोटीच्या फेऱ्या काढल्या, आणि गटाराचं पाणी येतं त्या किनाऱ्यावर प्रवाळ, ऑक्टोपस, गोगलगायी लोकांना पायाशी दाखवल्या. रत्नागिरीत मिऱ्याच्या नाहीतर आरे-वाऱ्याच्या खडपात हेच करता येईल. वेळ काढायला किनाऱ्यावरचा जुना हिशेब पुरतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो, त्याच्या सहा तास आधी ओहोटी. म्हणजे पौर्णिमेनंतरच्या वद्य तृतीयेला भरती दुपारी सव्वादोनला आणि ओहोटी सकाळी सव्वाआठच्या सुमारास. मलकापुरातून पहाटे पाचला निघालेली गाडी आंबा घाट उतरून, साखरप्याला चहा घेऊनही वेळेत पोहोचते.