वायरलेस की वायरचा? की-बोर्ड-माऊस घेण्याआधी हे समजून घ्या

टायपिंगची परीक्षा, सेवा केंद्राचे काउंटर आणि घरचा लॅपटॉप : तिन्हींसाठी उत्तर वेगळे

लिंबागणेश : दुकानात वायरलेस की-बोर्ड-माऊसची जोडी दिसली की तीच घ्यावीशी वाटते. टेबलावर वायरींचा गुंता नाही, दिसायलाही छान. पण ऐन कामात सेल संपला किंवा रिसिव्हर हरवला, तर दुरुस्तीसाठी बीड गाठावे लागू शकते. म्हणून आपले काम काय, हे आधी ठरवा.

वायरलेसचे दोन प्रकार

पहिल्या प्रकारात नखाएवढा रिसिव्हर यूएसबी पोर्टमध्ये लावतात. तो २.४ गीगाहर्ट्झ लहरींवर चालतो. अनेक मॉडेलमध्ये तो हरवला की दुसरा चालत नाही; पूर्ण माऊसच बदलावा लागतो. दुसरा प्रकार ब्लूटूथचा. त्याला पोर्ट लागत नाही, पण जुन्या डेस्कटॉपमध्ये ब्लूटूथ नसतेच.

टायपिंगचा वेग कमी होतो का?

लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट असा वेग मागितला जातो. पाच स्ट्रोकचा एक शब्द धरला, तर ४० शब्द म्हणजे मिनिटाला २०० स्ट्रोक, सेकंदाला तीन-चार. साधा यूएसबी की-बोर्डही सेकंदाला साधारण १२५ वेळा कॉम्प्युटरला माहिती देतो. त्यामुळे वेगाचा प्रश्न नाही. प्रश्न गळणाऱ्या अक्षरांचा आहे. सेल उतरला किंवा सिग्नल अडला की एखादे अक्षर उमटत नाही आणि चूक तुमच्या नावावर जाते.

माहिती चोरीला जाऊ शकते?

जाऊ शकते. २०१६ मध्ये बॅस्टिल या अमेरिकी कंपनीच्या संशोधकांनी आठ कंपन्यांच्या स्वस्त वायरलेस की-बोर्डमधील त्रुटी दाखवली. दाबलेले प्रत्येक बटण सांकेतिक रूप न देता, उघड्यावरच पाठवले जात होते. सुमारे २५० फुटांवरूनही ते टिपता येत होते. त्याच वर्षी काही माऊसच्या रिसिव्हरमधून कॉम्प्युटरला खोटे टायपिंग पाठवता येते, हेही समोर आले.

सेवा केंद्रावर पीक विम्याचा अर्ज भरताना शेतकऱ्याचा आधार आणि बँक खाते क्रमांक याच की-बोर्डवरून जातो. म्हणून ही गोष्ट महत्त्वाची.

कोणी काय घ्यावे?

• सेवा केंद्र, दुकान, कार्यालय : दोन्ही वायरचे. शेवटच्या तारखेला रांग लागली असताना सेल शोधत बसावे लागत नाही. प्रिंटर, अंगठ्याचे मशीन लावून पोर्ट कमी पडले तर यूएसबी हब घ्या.

• टायपिंगचे विद्यार्थी : पूर्ण आकाराचा वायरचा की-बोर्ड.

• लॅपटॉप घेऊन फिरणारे, प्रोजेक्टरवर शिकवणारे शिक्षक : वायरलेस माऊस सोयीचा. शक्यतो ब्लूटूथचा घ्या.

घेताना हे तपासा

• वायरलेस की-बोर्डच्या खोक्यावर 'एईएस एन्क्रिप्शन' लिहिले आहे का?

• सेल कोणता? गावात सहज मिळणारा, पेन्सिल सेलवर चालणारा बरा.

• वायर प्लगजवळ आणि माऊसच्या तोंडाशी लवकर तुटते. तिथे रबरी आवरण मजबूत हवे.

माऊस अडखळत असेल तर लगेच नवा घेऊ नका. रिसिव्हरशेजारी यूएसबी ३.० चा पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क असेल, तर सिग्नलमध्ये अडथळा येतो. रिसिव्हर दुसऱ्या बाजूच्या पोर्टमध्ये लावून पाहा; खर्च वाचू शकतो.