अपघाती मृत्यू आणि आश्रितांचा हक्क

जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील दोन तालुके. कुकडी, मीना आणि घोड या नद्यांच्या पाण्यावर येथे ऊस, कांदा, बटाटा, टोमॅटो आणि द्राक्षे पिकतात आणि नारायणगाव व मंचरच्या बाजारांतून हा माल मुंबई-पुण्याकडे रवाना होतो. पुणे-नाशिक महामार्ग आणि माळशेज घाट चढून ओतूर-आळेफाट्याकडे जाणारा कल्याण-अहिल्यानगर महामार्ग हे या भागाच्या भरभराटीचे मार्ग होत. परंतु याच मार्गांवर अनेक कुटुंबांचा आधारही हरपला आहे. १७ जानेवारी २०२५ रोजी नारायणगावजवळ एका मालवाहू वाहनाने प्रवासी गाडीस मागून धडक दिली. ती गाडी पुढे उभ्या असलेल्या बसवर आदळली आणि नऊ प्रवाशांना प्राण गमवावे लागले.

अशा घटनेनंतर वृत्तपत्रांतील बातमी दोन दिवसांत जुनी होते. घरात मात्र विधवा पत्नी, शाळेत जाणारी मुले, वृद्ध आईवडील आणि सोसायटीचे कर्ज मागे राहते. दहाव्या-तेराव्याच्या विधीतून सावरण्याआधीच कागदपत्रांचा प्रश्न पुढे येतो. भरपाईचा विषय काढला तर गाव काय म्हणेल, मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाल्ल्याचा बोल तर लागणार नाही ना, या संकोचाने पुष्कळ कुटुंबे गप्प राहतात. हा संकोच समजण्यासारखा असला तरी तो अनाठायी आहे. भरपाई ही गेलेल्या माणसाची किंमत नसते. त्याच्या कमाईवर आणि कष्टांवर ज्यांचे जीवन अवलंबून होते, त्यांच्या उद्याच्या भाकरीची ती तरतूद होय.

कायद्याची भूमिका

दुसऱ्याच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू ओढवल्यास मृताच्या कुटुंबीयांना नुकसानभरपाई मागता यावी, हे तत्त्व आपल्या देशात १८५५ च्या प्राणांतिक अपघात अधिनियमाने मान्य केले. पत्नी, पती, आईवडील आणि मुले यांच्यासाठी दिवाणी न्यायालयात असा दावा करता येतो. त्याची मुदत मृत्यूच्या दिनांकापासून दोन वर्षांची आहे. हा जुना कायदा आजही अंमलात आहे. तुटून पडलेली वीजवाहिनी किंवा संरक्षक आवरण नसलेले यंत्र यांसारख्या कारणाने मृत्यू झाल्यास त्याचा आधार घेता येतो.

रस्त्यावरील अपघातांसाठी मात्र १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाने स्वतंत्र मोटार अपघात दावा न्यायाधिकरणे निर्माण केली आहेत. अपघात जेथे घडला, अर्जदार जेथे राहतो किंवा प्रतिवादी जेथे राहतो, त्यांपैकी कोणत्याही क्षेत्रातील न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. त्यामुळे परजिल्ह्यात अपघात झाला तरी जुन्नरच्या कुटुंबाला तेथे हेलपाटे घालण्याची गरज नाही.

चालकावर चालणारा फौजदारी खटला आणि भरपाईचा दावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विशेष ध्यानात घेतले पाहिजे. फौजदारी खटल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. न्यायाधिकरणापुढे चूक कोणाची असण्याचा संभव अधिक, एवढे दाखविणे पुरेसे असते. म्हणून चालक निर्दोष सुटला एवढ्यावरून भरपाईचा दावा निष्फळ ठरत नाही. त्याचप्रमाणे, शासनाने जाहीर केलेली तातडीची मदत मिळाल्याने दाव्याचा हक्क संपत नाही.

पहिल्या दिवसांचे महत्त्व

दाव्याचा पाया पहिल्या काही दिवसांतच घातला जातो. प्रथम खबर अहवाल, घटनास्थळाचा पंचनामा, मरणोत्तर पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल ही चार कागदपत्रे सर्वांत महत्त्वाची होत. दुःखाच्या भरात शवविच्छेदनास नकार देण्याकडे काही कुटुंबांचा कल असतो. परंतु मृत्यू अपघातामुळेच झाला, हे दाखविणारा तोच मुख्य पुरावा असतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत अथवा नगरपरिषदेत करून दाखला घ्यावा.

नव्या नियमांनुसार पोलिसांवरही जबाबदारी टाकण्यात आली आहे. अपघाताची खबर मिळाल्यापासून ४८ तासांत पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरणास व विमा कंपनीस कळवावयाचा असतो आणि तपशीलवार अहवाल ९० दिवसांत सादर करावयाचा असतो. कुटुंबीयांनी तपासी अधिकाऱ्यास भेटून या अहवालांची विचारणा करावी. वाहनाचा क्रमांक, नोंदणी, विमापत्र आणि चालकाचा परवाना यांचा तपशील त्यांतूनच मिळतो.

वयाच्या पुराव्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला जपून ठेवावा. आधारपत्र हा जन्मदिनांकाचा निर्णायक पुरावा नव्हे आणि शाळेच्या दाखल्यावरून वय ठरविणे योग्य, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. उत्पन्नाच्या पुराव्याबाबत शेतकरी कुटुंबे हमखास अडतात. पगारपत्रक नसले तरी सातबारा उतारा, बाजार समितीतील विक्रीच्या पट्ट्या, दूध संस्थेची बिले, साखर कारखान्याची ऊसबिले आणि बँकेचे पासबुक यांवरून उत्पन्न दाखविता येते.

मुदत आणि मार्ग

१ एप्रिल २०२२ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीनुसार न्यायाधिकरणाकडील अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करावयाचा आहे. या मुदतीला आव्हान देणारी प्रकरणे सर्वोच्च न्यायालयापुढे आली असता, केवळ मुदत उलटली या कारणावरून दावे फेटाळू नयेत, असे अंतरिम निर्देश न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिले. म्हणून उशीर झालेल्या कुटुंबांनी निराश होऊ नये. तथापि, ज्यांच्या हाती वेळ आहे त्यांनी सहा महिन्यांची मर्यादाच पाळणे शहाणपणाचे ठरेल.

चूक सिद्ध न करताही कलम १६४ अन्वये मृत्यूसाठी ५ लाख रुपये मिळू शकतात. ही रक्कम लवकर हाती येण्याचा संभव असतो. परंतु विमा कंपनीशी तडजोड करून ती स्वीकारल्यास न्यायाधिकरणापुढील मोठ्या रकमेचा अर्ज संपुष्टात येतो. म्हणून सही करण्यापूर्वी कागदावर काय लिहिले आहे, ते जाणकाराकडून समजून घ्यावे.

धडक देऊन वाहन पळून गेले आणि त्याचा शोध लागला नाही, तरी मार्ग बंद होत नाही. २०२२ च्या योजनेनुसार अशा मृत्यूसाठी २ लाख रुपये मिळतात. त्यासाठी अर्ज तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्यांकडे करावयाचा असतो आणि मंजुरी जिल्हाधिकारी देतात. पुढे वाहन सापडून न्यायाधिकरणाने भरपाई दिल्यास ही रक्कम मात्र परत करावी लागते.

मृत व्यक्ती स्वतःच वाहन चालवीत असेल आणि चूकही तिचीच असेल, तर त्या वाहनाच्या विमा कंपनीकडून त्रयस्थ म्हणून भरपाई मागता येत नाही. अशा वेळी विमापत्रात मालक-चालकासाठी १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण घेतलेले आहे काय, हे अवश्य तपासावे.

रक्कम कशी ठरते?

भरपाईची रक्कम न्यायाधीशांच्या मर्जीवर सोडलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निर्णयांत तिची रीत घालून दिली आहे. एका काल्पनिक उदाहरणाने ती समजून घेता येईल. ३५ वर्षांच्या एका शेतकऱ्याचे मासिक उत्पन्न १२,००० रुपये होते आणि पत्नी, दोन मुले व आई असे चार जण त्याच्यावर अवलंबून होते, असे धरू. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या चाळिशीच्या आतील व्यक्तीचे उत्पन्न पुढे वाढले असते, म्हणून त्यात ४० टक्के मिळवितात. मासिक आकडा १६,८०० आणि वार्षिक २,०१,६०० रुपये होतो. मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा केल्यास १,५१,२०० रुपये उरतात. ३५ व्या वर्षासाठी ठरलेला गुणक १६ आहे. त्याने गुणता २४,१९,२०० रुपये येतात. याखेरीज सहवासाच्या हानीसाठी ४०,००० आणि मालमत्तेची हानी व अंत्यविधी यांसाठी प्रत्येकी १५,००० रुपये २०१७ मध्ये ठरविण्यात आले. या रकमांत दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ करावयाची आहे. मंजूर रकमेवर अर्जाच्या दिनांकापासून व्याजही देता येते.

गृहिणीच्या मृत्यूबाबत 'ती कमावत नव्हती' हे उत्तर आता टिकत नाही. स्वयंपाक, मुलांचे संगोपन, वृद्धांची शुश्रूषा, गोठा आणि शेतातील खुरपणी या कष्टांना आर्थिक मोल आहे, हे न्यायालयांनी स्वीकारले आहे. सर्वोच्च न्यायालयाने ५ जानेवारी २०२१ रोजी किर्ती प्रकरणातील निर्णयात गृहिणीचे काल्पनिक उत्पन्न धरून भरपाई ठरविण्याचे तत्त्व पुन्हा अधोरेखित केले.

मृताकडूनही काही चूक झाली असेल, तर तिच्या प्रमाणात रक्कम कमी होते. शेतमजुरांना मालवाहू गाडीत बसवून नेण्याची प्रथा याच संदर्भात घातक आहे. मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी सोडून अशा गाडीतून प्रवास करणाऱ्या इतरांची जबाबदारी विमा कंपनी नाकारू शकते. मग भरपाईचा भार वाहनमालकावर येतो आणि त्याची ऐपत नसल्यास हुकूमनामा कागदावरच राहतो.

जेथे दोषी माणूस नाही

या तालुक्यांतील सर्वच अपमृत्यू रस्त्यावर घडत नाहीत. उसाच्या फडांत बिबट्यांनी मुक्काम केल्याने जुन्नर वन विभागाच्या क्षेत्रात मनुष्यहानीच्या घटना घडल्या आहेत. तेथे दावा दाखल करावयाचा नसतो. वन विभागास विनाविलंब कळवून पंचनामा करून घेतल्यास शासनाच्या २०२३ च्या निर्णयानुसार वारसांना २५ लाख रुपयांचे अर्थसाहाय्य देय आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळून दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. अशा नैसर्गिक आपत्तीत महसूल यंत्रणेमार्फत मदत दिली जाते. याशिवाय रस्ता अपघात, सर्पदंश, वीज पडणे, पाण्यात बुडणे इत्यादी कारणांनी शेतकऱ्याचा मृत्यू झाल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेखाली २ लाख रुपये मिळतात. खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील आणखी एक सदस्य यांना, वय १० ते ७५ वर्षे असल्यास, या योजनेचा लाभ आहे. त्यासाठी तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयाशी महिन्याच्या आत संपर्क साधावा.

घ्यावयाची दक्षता

दुःखाच्या घरी मदतीचा आव आणून येणारे मध्यस्थ कमी नसतात. मंजूर रकमेचा हिस्सा ठरवून कोऱ्या कागदांवर सह्या घेणाऱ्यांपासून सावध राहावे. मूळ कागदपत्रे कोणाच्याही स्वाधीन करू नयेत. त्यांच्या प्रती द्याव्यात आणि पोच घ्यावी. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये स्त्रिया, बालके आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जुन्नर आणि घोडेगाव येथील न्यायालयांत तालुका विधी सेवा समितीकडे त्यासाठी अर्ज करता येतो. १५१०० या दूरध्वनी क्रमांकावरही मार्गदर्शन मिळते. दोन्ही पक्षांची तयारी असल्यास लोकअदालतीत तडजोडीने दावा लवकर मिटू शकतो.

विधवा व अज्ञान मुले यांच्या वाट्याची रक्कम न्यायाधिकरण बहुधा बँकेत मुदत ठेवीत ठेवावयास सांगते. ही अडवणूक नसून संरक्षण आहे. एकरकमी हाती आलेला पैसा दिवसकार्य, देणी आणि नातलगांच्या उसनवारीत विरून जाऊ नये आणि मुलीच्या शिक्षणाच्या वेळी तो शिल्लक असावा, हा त्यामागील हेतू आहे.

गावात असा प्रसंग ओढवल्यास सांत्वनासाठी येणाऱ्यांपैकी एखाद्या शिक्षकाने, ग्रामसेवकाने किंवा शिकलेल्या तरुणाने कागदपत्रांची एक पिशवी तयार करून घरातील कर्त्या बाईच्या हाती द्यावी आणि सहा महिन्यांची तारीख भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. शोकाकुल घराला शेजारधर्माने करता येण्याजोगी ही एक मोठी मदत होय.